जुन्या पिकअपच्या मागच्या डिफरन्शियलच्या झाकणातून होणारी ऑइलगळती : दोनदा पॅकिंग बदलूनही थांबत नाही

चिखलीकर (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या घरी २००२ सालची पिकअप आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि आजही हंगामात गुऱ्हाळावरून कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गूळ पोहोचवण्याचे काम तीच करते. पावसाळ्यानंतर आठवड्यातून एक-दोन फेऱ्या गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून कणकवलीपर्यंत होतात. गाडीला मागे दहा बोल्टांचे पत्र्याचे झाकण असलेले डिफरन्शियल, म्हणजे मागची चाके फिरवणाऱ्या गिअरांचा गोळा, आहे.

दिवाळीच्या सुमारास अंगणातल्या शहाबादी फरशीवर गाडीखाली भाकरीएवढा काळसर डाग रोज दिसू लागला. वास गंधकासारखा उग्र असल्यामुळे ते ब्रेक ऑइल किंवा इंजिन ऑइल नसून गिअर ऑइल आहे, हे लक्षात आले. एका गॅरेजमध्ये झाकण उघडून पॅकिंग बदलून घेतले. पंधरा दिवस फरशी कोरडी राहिली आणि नंतर पुन्हा डाग पडू लागला. जानेवारीत पुन्हा पॅकिंग बदलले, त्या वेळी बोल्ट 'चांगले कचकचून' आवळल्याचे सांगण्यात आले. या वेळी आठवडाही गेला नाही. घाटाची फेरी करून आल्यावर गळती जास्त होते, हे मी नक्की पाहिले आहे. गेल्या सोमवारी ऑइल भरायच्या भोकात बोट घालून पाहिले, तेव्हा बोटाला ऑइल लागलेच नाही. गाडी अजून आवाज करत नाही.

हे काम मी स्वतः करायचे ठरवले आहे. पाने, जॅक आणि दोन घोड्या घरी आहेत. तिसऱ्यांदा पॅकिंग बदलण्यापूर्वी आणखी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

घाटवाट

हंगाम सुरू असताना गाडी उघडून बसू नये, असे माझे मत आहे. कडेची जागा पुसून बाहेरून एम-सील लावावे. माझ्या गाडीला त्याने महिनाभर निभावले होते.

जुना_फिटर

घाटवाट यांचा उपाय एखाद्या अडलेल्या रात्री गाडी घरी आणण्यापुरता चालेल, पण तो दुरुस्ती म्हणून धरू नये. जिथून ऑइल पाझरते आहे, ती जागा पूर्ण कोरडी कधीच होत नाही आणि ओलसर पत्र्यावर कोणताही लेप धरत नाही. शिवाय पुढे झाकण काढताना तो लेप छिन्नीने फोडावा लागतो आणि त्याचे तुकडे आत पडण्याची भीती राहते.

चिखलीकर, मी उद्यमनगरात बत्तीस वर्षे फिटर म्हणून काम केले आहे. तुमच्या वर्णनात 'कचकचून आवळले' हा शब्द मला सर्वांत जास्त खटकला, त्याकडे मी नंतर येईन. त्याआधी ऑइल झाकणातूनच येते आहे हे सिद्ध करा. डाग झाकणाखाली पडतो एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. इंजिनाकडून येणारा दांडा जिथे जोडलेला असतो त्या जॉइंटच्या बाजूला, म्हणजे पुढे, पिनियनचे (मोठ्या क्राउन गिअरला फिरवणाऱ्या लहान गिअरचे) ऑइल सील असते. ते गळू लागले की ऑइल हाउसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या लोखंडी कवचाच्या, पोटावरून मागे ओघळते आणि गाडी चालत असताना वारा त्याला झाकणाच्या खालच्या कडेपर्यंत नेतो. भरायच्या बुचाचेही तसेच आहे, बूच वर आणि ओघळ खाली. मी अशा तीन गाड्या पाहिल्या आहेत, ज्यांच्या झाकणाची पॅकिंगे उगीच बदलली गेली आणि दोष पिनियनच्या सीलमध्ये होता.

म्हणून सगळे हाउसिंग रॉकेल आणि ब्रशने धुऊन, कापडाने कोरडे करा. नंतर खडूची पूड किंवा साधी टाल्कम पावडर झाकणाच्या कडेवर, बुचाभोवती आणि पिनियनच्या तोंडाशी भुरभुरा. पाच-सहा किलोमीटर गाडी चालवून या आणि बॅटरीच्या उजेडात पाहा. पांढऱ्या पुडीवर ओली रेघ जिथे सुरू होते, तिथेच गळती आहे. रेघ कुठे संपते याला महत्त्व नाही.

दोन्ही मागच्या चाकांच्या आतल्या बाजूही बघून घ्या. तिथे ऑइल आले असेल तर दोष ॲक्सलच्या सीलचा आहे आणि ते ऑइल ब्रेकच्या लायनरवर जाते. तसे असेल तर गाडी घाटात नेऊ नका, आधी ते काम करा.

ऑइल बोटाला लागत नाही म्हणता, त्यावरही एक शब्द. पिनियनचे पुढचे बेअरिंग ऑइलमध्ये बुडलेले नसते. फिरणारा क्राउन जे ऑइल उडवतो, ते आतल्या वाटेने तिथपर्यंत जाते. पातळी उतरली की सर्वांत आधी उपाशी राहते ते हेच बेअरिंग, आणि ते घूं असा आवाज करू लागेपर्यंत त्याची झीज झालेली असते. दुरुस्ती होईपर्यंत निदान पातळी तरी भरून ठेवा.

शिरोलीनाका

एक प्रश्न विचारतो. आपली गाडी कधी पुराच्या पाण्यात उभी होती का? आपल्या नावात पंचगंगेकाठची चिखली दिसली, म्हणून विचारावेसे वाटले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले, तेव्हा आमच्या तीन गाड्या अडकल्या होत्या. पुढच्या वर्षभरात त्यांपैकी दोन गाड्यांची डिफरन्शियल गळू लागली, आणि दोन्हींत मूळ कारण ब्रीदर बुजलेला असणे हेच निघाले.

चिखलीकर (धागाकर्ता)

होय. २०२१ च्या जुलैत गाडी अंगणात दोन दिवस उभी होती आणि पाणी मागच्या चाकांच्या हबच्या वर आले होते. पूर ओसरल्यावर आम्ही इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल या तिन्हींचे ऑइल बदलले. डिफरन्शियलमधून तेव्हा चहाच्या रंगाचे, दुधाळ ऑइल निघाले होते. ब्रीदर मात्र कोणी पाहिल्याचे मला आठवत नाही. खरे सांगायचे तर डिफरन्शियलला ब्रीदर असतो, हेच मला ठाऊक नव्हते.

यंत्रशिक्षक

शिरोलीनाका यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. ब्रीदर म्हणजे हाउसिंगच्या वरच्या बाजूला बसवलेली लहानशी टोपी किंवा तिथून वर नेलेली रबरी नळी. गाडी चालली की आतले ऑइल आणि त्यावरची हवा तापते, फुगते आणि जास्तीची हवा या टोपीतून बाहेर पडते. टोपी बुजली तर ती हवा आत कोंडते. हिशोब करून पाहू. ३० अंश सेल्सिअसची हवा कोंडलेल्या जागेत ९० अंशांपर्यंत तापली, तर तिचा दाब सुमारे एक-पंचमांशाने वाढतो. झाकणाचा व्यास २५ सेंटीमीटर धरला, तर तेवढ्या दाबाने झाकणावर आतून शंभर किलोच्या आसपास जोर पडतो. हा जोर बोल्ट सहज पेलतात, परंतु पातळ झालेल्या गरम ऑइलला पॅकिंगच्या एखाद्या कच्च्या जागेतून ढकलायला तो पुरेसा असतो. घाट चढून आल्यावर गळती वाढते, हे आपले निरीक्षण याच्याशी तंतोतंत जुळते.

पाणी आत कसे गेले, तेही यातूनच कळते. तापलेले ॲक्सल गार पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा सीलच्या ओठांतून पाणी आत ओढले जाते. उभ्या गाडीतही दोन दिवसांत पाणी झिरपतेच. त्यामुळे ॲक्सल बुडेल एवढ्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर ऑइलचा रंग पाहिल्याशिवाय ती भरून घाटात नेऊ नये.

चिखलीकर (धागाकर्ता)

आज सकाळी ब्रीदर शोधला. ॲक्सलच्या डाव्या बाजूच्या नळीवर, ब्रेकच्या पाइपाजवळ, वाळलेल्या चिखलाची एक गाठ होती आणि तिच्या आत तो होता. काढून हातात घेतला, तेव्हा टोपी फिरतही नव्हती आणि हलतही नव्हती. तोंडाने फुंकून पाहिले, हवा अजिबात जाईना. सायकलच्या आऱ्याच्या टोकाने कोरल्यावर आतून पिवळसर करडी, कुंभाराच्या मातीसारखी मऊ पूड निघाली. ती पंचगंगेच्या गाळाची आहे, याविषयी मला शंका नाही. इतकी वर्षे ती तिथे बसून होती. ब्रीदर आता रात्रभरासाठी रॉकेलमध्ये ठेवला आहे.

खडूच्या पुडीचा प्रयोगही केला. पिनियनचे तोंड कोरडे आहे, बूच कोरडे आहे, चाकांच्या आतल्या बाजूही कोरड्या आहेत. ओली रेघ झाकणाच्या कडेवर, घड्याळातल्या पाच आणि सातच्या जागी, बरोबर दोन बोल्टांच्या मधून सुरू होते.

आता एवढ्यावरच थांबून ब्रीदर साफ करून बसवावा आणि वाट पाहावी, की झाकण उघडावेच?

जुना_फिटर

उघडावेच. ब्रीदरने गळती सुरू केली असेल, पण दोन बोल्टांच्या मधून येणारे ऑइल वेगळी गोष्ट सांगते आहे. पत्र्याचे झाकण प्रमाणाबाहेर आवळले की बोल्टाच्या भोकाभोवतीचा पत्रा हाउसिंगच्या दिशेने आत दबतो आणि दोन भोकांमधला भाग धनुष्यासारखा उचलला जातो. नंतर गळती दिसली की माणूस आणखी आवळतो, मधली फट आणखी वाढते. नवे पॅकिंग घातल्यावर ते काही दिवस ती फट भरून काढते आणि मग हार मानते. तुमचे पहिले पॅकिंग पंधरा दिवस टिकले आणि दुसरे आठवडाही टिकले नाही, त्याचे कारण मला यातच दिसते.

कामाचा क्रम सांगतो. यातली पहिली गोष्ट कृपया विसरू नका. काहीही सैल करण्यापूर्वी ऑइल भरायचे वरचे बूच उघडून पाहा. ते गंजून अडकलेले असेल आणि तुम्ही ऑइल आधीच सोडून दिले असेल, तर रिकामी गाडी अंगणात अडकून पडते.

गाडी थोडी चालवून ऑइल कोमट करा, सपाट जागी उभी करा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा आणि मागचा भाग घोड्यांवर ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोके घालू नका. झाकणाच्या एखाद्या बोल्टाखाली लहान पत्री असेल, तर तिच्यावर क्राउन-पिनियनचे प्रमाण कोरलेले असते. ती कोणत्या बोल्टाखाली होती ते लक्षात ठेवा आणि तिथेच परत लावा. खाली पसरट घमेले ठेवा. सगळे बोल्ट सैल करा, पण वरचे दोन तीन-चार आट्यांवर तसेच राहू द्या. मग खालून झाकण अलगद उचका. ऑइल खालच्या कडेने उतरेल आणि झाकण अंगावर पडणार नाही. उचकताना स्क्रू-ड्रायव्हरचे टोक हाउसिंगच्या घासलेल्या तोंडावर टेकवू नका, तिथे पडलेला एक ओरखडा पुढच्या गळतीची वाट होतो.

ऑइल निथळले की आतले लोखंडी कण धरणारे चुंबक आणि घमेल्याचा तळ बघा. बोटांत चोळल्यावर शिशाच्या पेन्सिलीच्या पुडीसारखा लागणारा करडा लगदा ही नेहमीची झीज आहे. नखात अडकणारे कण, पापुद्रे किंवा दाताचा कपचा सापडला, तर झाकण लावू नका, ते काम वेगळे आहे.

आता झाकण. जुने पॅकिंग खरवडून काढा, पत्रा रॉकेलने धुवा आणि मग जाड काचेच्या तुकड्यावर झाकण पालथे ठेवा. कडेखालून ०.१ मिलिमीटरची फिलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) कुठे शिरते, तिथे खडूने खूण करा. आमच्याकडे सरफेस प्लेट, म्हणजे अगदी सपाट केलेली पाटी, होती, घरी खिडकीची जाड काच चालते. भोके आत दबलेली असतील, तर झाकण ऐरणीवर किंवा सपाट लोखंडी ठोकळ्यावर उताणे धरून, म्हणजे हाउसिंगला टेकणारी बाजू वर करून, त्या फुगवट्यांवर बॉलपीन हातोडीने हलके ठोके द्या. एकाच भोकावर जोर काढू नका, फिरत फिरत द्या. मग काचेवर एमरी कागद ठेवून झाकण इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवा. पाच मिनिटांत उंच जागा चकाकतील आणि खोल जागा काळ्या राहतील, म्हणजे पुढचा ठोका कुठे द्यायचा ते तुम्हाला आपोआप कळेल. या कामाला घाई चालत नाही. मला स्वतःला एका झाकणाला दोन तास लागायचे.

झाकण तळाशी गंजलेले असेल, तर त्याला सुईएवढे छिद्र आहे का तेही पाहा. बाहेरून खडू ओला करून फासा, वाळू द्या, मग झाकण वाटीसारखे धरून आत रॉकेल ओता आणि अर्धा तास ठेवा. छिद्र असेल, तर पांढऱ्या खडूवर ओला ठिपका उमटतो. वेल्डिंग केलेली टाकी आम्ही अशीच तपासत होतो. ठिपका उमटला, तर मात्र डागडुजी न करता झाकण बदला.

करवीर_मालवाहतूक

धागा अगदी वेळेवर आला. आमच्या मोठ्या ट्रकच्या मागच्या फुगवट्याला बोल्टच नाहीत, झाकण वेल्ड केलेले आहे आणि त्या वेल्डच्या कडेने ऑइल झिरपते. यासाठी वरची पद्धत चालेल का?

यंत्रशिक्षक

ताई अथवा दादा, चालणार नाही. आपले हाउसिंग बॅन्जो पद्धतीचे आहे. त्यात क्राउन-पिनियनचा संपूर्ण गोळा पुढच्या बाजूने बाहेर निघतो आणि मागे उघडायला काहीच नसते. वेल्डला तडा गेला असेल, तर दोन्ही ॲक्सल आणि गोळा काढून, हाउसिंग आतून धुऊन, तडा पूर्ण खोदून मगच वेल्डिंग करावे लागते. ऑइल आत असताना वरून टाका मारण्याचा आग्रह कोणी केला तरी ते करू देऊ नका. ऑइलची वाफ पेट घेऊ शकते आणि टाकाही धरत नाही.

चिखलीकर यांच्यासाठी पॅकिंग आणि ऑइल यांविषयी लिहितो. कागदी पॅकिंग किंवा नळीतून येणारे सिलिकॉन, यांपैकी एकच काही वापरावे. दोन्ही एकत्र लावले, तर आवळताना कागद सिलिकॉनवर घसरतो आणि बाहेर फाकतो. दोन्ही तोंडे सपाट आणि स्वच्छ असतील तर कागदी पॅकिंग उत्तम. हाउसिंगच्या तोंडावर गंजाचे खड्डे असतील, तर सिलिकॉन बरे. मात्र ते गिअर ऑइलला टिकणारे आहे, असे नळीवर लिहिलेले असले पाहिजे. खिडक्या-न्हाणीघरासाठी मिळणारे, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन इथे वापरू नये.

सिलिकॉनची सुमारे ३ मिलिमीटर जाडीची, कुठेही न तुटणारी दोरी झाकणावर ओढावी आणि ती प्रत्येक भोकाच्या आतल्या बाजूने न्यावी. जास्त लावल्यास जास्त टिकते हा समज चुकीचा आहे. जादा सिलिकॉन आत फाकते, तुटते आणि ऑइलबरोबर बेअरिंगांपर्यंत जाते. नळीवर सांगितलेल्या वेळेत झाकण बसवून बोल्ट हातानेच टेकवावेत. तासाभराने समोरासमोरच्या जोड्या घेत, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोरावर थांबवणाऱ्या पान्याने) आवळावेत. तीन सुती, म्हणजे ३/८ इंची बोल्टांना साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर पुरते, ८ मिलिमीटरच्या बोल्टांना त्याच्या निम्मे. गाडीच्या पुस्तिकेत आकडा दिला असेल, तर तोच प्रमाण मानावा. ऑइल दुसऱ्या दिवशी, चोवीस तासांनी भरावे.

ऑइल जीएल-५ प्रतीचे घ्यावे, ९० किंवा ८०डब्ल्यू-९०. क्राउन-पिनियनचे हायपॉइड दात एकमेकांवरून फिरतात तसे घसरतातही, त्यामुळे त्यांना या प्रतीतली रसायने लागतात. तेच ऑइल उरले म्हणून गिअरबॉक्समध्ये घालू नये. तिथल्या पितळी रिंगांसाठी पुस्तिकेत बहुधा जीएल-४ सांगितलेले असते.

घाटवाट

माझी वरची सूचना मी मागे घेतो. माझ्याच गाडीचा ब्रीदर आज पाहिला, तोही घट्ट झाला आहे.

चिखलीकर (धागाकर्ता)

काम पूर्ण झाले. सविस्तर लिहितो.

बूच आधी सैल केले, ते सहज निघाले. झाकण काढल्यावर चुंबकावर करडा लगदा होता, त्यात खडे किंवा पापुद्रे नव्हते. ऑइल काळे होते, पण दुधाळ नव्हते. क्राउनचे सगळे दात चाक हाताने फिरवत एकेक करून पाहिले आणि त्यांच्यावरची झीज एकसारखी दिसली.

झाकण काचेवर ठेवले, तेव्हा जुना_फिटर काकांनी लिहिलेले सगळे डोळ्यांसमोर आले. दहापैकी सात भोकांभोवती पत्रा आत दबलेला होता आणि पाच व सातच्या जागी ०.३ ची पट्टी अडखळल्याशिवाय आत जात होती. ठोके देण्याचे काम मी आणि वडिलांनी आळीपाळीने केले. एमरी कागदावर सहाव्यांदा फिरवल्यावर सगळी कड सारखी चकाकली आणि ०.१ ची पट्टी कुठेही शिरेना. रॉकेल आणि खडूच्या तपासणीत छिद्र आढळले नाही.

हाउसिंगच्या तोंडावर खालच्या बाजूला गंजाचे बारीक खड्डे होते, म्हणून सिलिकॉन निवडले. गिअरांवर स्वच्छ कापड पांघरून तोंड साफ केले. खालच्या दोन भोकांत जुने ऑइल साचलेले होते, ते कापडाची वात करून टिपून घेतले. एका बोल्टाचे आटे गेलेले होते, तो बदलला. टॉर्क पाना शेजाऱ्यांकडून आणला आणि ४५ वर लावला. पाना टक् करून थांबला, तेव्हा हाताला वाटले की बोल्ट अजून सैलच आहेत. आजवर सगळे जण किती जास्त आवळत होते, ते तेव्हा कळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑइल भरले. आमचे अंगण रस्त्याकडे उतरते असल्यामुळे गाडी सपाट जागी नेली आणि बुचाच्या खालच्या कडेतून धार सुरू होताच थांबलो. साधारण दोन लिटर लागले. ब्रीदर फुंकल्यावर मोकळा वाजतो. तो आता रबरी नळी लावून चेसिसच्या उंचीपर्यंत वर नेला आहे. पुढच्या पुरात तेवढी तरी सोय राहील. काढलेले ऑइल कॅनमध्ये भरून, जुने ऑइल पुनर्वापरासाठी देणाऱ्या गॅरेजला दिले. ते गटारात सोडले असते तर नाल्याने थेट पंचगंगेत गेले असते.

एकच शंका आहे. पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा आवळावेत का?

जुना_फिटर

नाही. कागदी पॅकिंग असते, तर पहिल्या तापण्यानंतर एकदा तपासा म्हणालो असतो. घट्ट झालेले सिलिकॉन पुन्हा दाबले, तर त्याची पकड सुटते. आता त्या बोल्टांना पाना लावू नका. हजारेक किलोमीटर झाल्यावर बूच उघडून फक्त पातळी पाहा.

चिखलीकर (धागाकर्ता)

आज तीन आठवडे झाले. कणकवलीच्या चार फेऱ्या झाल्या, त्यांतल्या दोन पूर्ण भरलेल्या गाडीने. रोज रात्री झाकणाखाली गुळाच्या खोक्याचा एक पुठ्ठा ठेवतो. पहिल्या दिवशी ठेवलेला पुठ्ठा अजून तोच आहे. काल बूच उघडून बोट घातले, ऑइल कडेला लागूनच होते.